सुताचं दुसरं टोक

१

रंगाऱ्याच्या धंद्यात लोक ब्रशकडे बघतात, पण भिंत सरळ दिसते ती सुतामुळे. खाली एक रंग आणि वर दुसरा द्यायचा असला की मधली हद्द आखावी लागते. त्यासाठी सुताची दोरी निळीत भिजवायची, दोन माणसांनी दोन टोकं धरून भिंतीला ताणून लावायची आणि एकाने हात लांबवून ती चिमटीत ओढून सोडायची. फट्ट असा आवाज होतो आणि भिंतीवर निळी रेघ उमटते. याला आम्ही सूत मारणं म्हणतो.

मी आणि माझा थोरला भाऊ शामराव, आम्ही बारा वर्षं एकत्र काम केलं. दादाचा एक नियम होता. एकाने विचारायचं, "धरलं?" दुसऱ्याने म्हणायचं, "धरलं." उत्तर आल्याशिवाय काही हलवायचं नाही. सुताला हा नियम आणि बाहेरच्या झुल्यालाही. झुला म्हणजे दोराला टांगलेली फळी. वरचा माणूस त्यावर बसून इमारतीची बाहेरची भिंत रंगवतो, आणि गच्चीवरच्या कप्पीतून खाली आलेला दोर खालचा माणूस सांभाळतो. वरच्याला एक मजला उतरायचं असलं की तो आपली गाठ सोडतो. तेवढा वेळ त्याचा सगळा भार खालच्याच्या हातात असतो.

पंचावन्न सालच्या नोव्हेंबरात ठाकुरद्वारला एका चार मजली घराचं काम चालू होतं. फोर्टात गोळीबार झाला तोच दिवस. सकाळी आमच्या समोरून मोर्चा चालला होता. वरून दादाने विचारलं, "धरलं?" मी म्हणालो, "धरलं." त्याच वेळी मोर्च्यातून घोषणा आली आणि मी उजवा हात वर करून ओरडलो, झालाच पाहिजे. दोर डाव्या हातातून निघून गेला. तळव्याची साल गेली, नंतर नवी आली, पण त्या जागेला काही कळेनासं झालं. गरम कप धरला तरी कळायचं नाही.

गोळीबार त्यानंतर दोन तासांनी झाला. संध्याकाळी इस्पितळात आमच्या चाळीतले कुशाबा भेटले. गोळ्यांच्या आवाजाने दचकून दोर सुटला असेल, असं तेच म्हणाले आणि मी मान हलवली. तेव्हापासून नायगावच्या आमच्या चाळीत दादा गोळीबारात गेला असंच सगळे धरून चालतात. दादाच्या फोटोला हार घालतात आणि माझ्या पाठीवर हात ठेवतात. मला त्याचं काही वाटत नाही. वाटायला पाहिजे, हे ठाऊक आहे.

२

दादाची बायको मालन आणि आमची आत्या राधाबाई खोलीत राहायच्या. मी बाहेर गॅलरीत झोपायचो. छप्पन्नच्या डिसेंबरात आम्ही सगळ्यांनी धम्म घेतला आणि नव्या वर्षात कुशाबांनी विषय काढला. पूर्वी आमच्यात विधवेचा पाट धाकट्या दिराशी लावायचे, तोही रात्री, गुपचूप, पाप केल्यासारखा. कुशाबांचं म्हणणं, आता ते बंद. लग्न लावायचं ते दिवसाढवळ्या, पांढरी वस्त्रं नेसून, चारचौघांत. वैशाख पौर्णिमा ठरली, वेळ दुपारी चारची.

मला नाही म्हणता येईना. कारण काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर नाही म्हणायचंही नव्हतं. मालन हसायची तेव्हा मला ती आवडायची. आता ती हसत नव्हती, तरी आवडत होती. अडचण एवढीच होती, की तिला खरं सांगितलं तर ती जाणार आणि नाही सांगितलं तर जन्मभर मी तिच्या ताटासमोर बसून जेवणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तेही नव्हतं, नुसती ही बेरीज-वजाबाकी होती. लग्नाआधी सांगायचं असं मी ठरवलं आणि रोज उद्यावर ढकललं.

मालनने लग्नासाठी एकच गोष्ट मागितली. घर निळं करा, म्हणाली. कुशाबा खूश झाले, त्यांना झेंडा दिसला. चुन्यात नीळ घालून निळा रंग होतो, पण तो धुतलेल्या सदऱ्यासारखा फिका. म्हणून मी भायखळ्याच्या दुकानातून तेलरंगाचं नमुन्यांचं कार्ड आणलं. त्यावर तिने बोट ठेवलं ते सगळ्यात शेवटच्या पट्टीवर, नेव्ही ब्लू. जहाजांना लावतात तो.

मी तिला समजावलं. आपली खोली दहा बाय बारा, खिडकी एक. एवढा गडद रंग चार भिंतींना दिला की कोपरे दिसेनासे होतात, खोली कुठे संपते ते कळत नाही.

"न्हाई कळू दे," ती म्हणाली. "दीड वर्सं ह्या पांढऱ्या भिंती बघत बसलेय, भावजी. डाग न् डाग पाठ झालाय माझा."

आत्या कोपऱ्यातून म्हणाली, की लग्न आठवड्यावर आलं आणि हे दोघं अजून वहिनी आणि भावजीच करतायत. मालन थोडी हसली. मी कार्ड खिशात घातलं.

३

दोघी आठ दिवसांसाठी कुशाबांच्या खोलीत राहायला गेल्या. मी दार लावून कामाला लागलो. आधी जुना चुना खरवडला, भेगांत लांबीचा लगदा भरला, पॉलिश पेपर मारला, मग पांढरं अस्तर दिलं. दुसऱ्याच्या घरात जे चार दिवस घेतो ते स्वतःच्या घरात दोन दिवसांत उरकलं. रंगाऱ्याचं स्वतःचं घर कायम पोपडे धरलेलं असतं, त्यामुळे आत्याला हे सगळं नवलाचंच होतं.

दाराच्या चौकटीच्या उंचीपर्यंत नेव्ही ब्लू आणि त्याच्यावर छतापर्यंत पांढरा चुना, असं मी ठरवलं होतं. तेवढाच उजेड. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराजवळच्या भिंतीला सूत मारलं. रेघ झकास उमटली. खाली उतरलो, बिडी पेटवली आणि रेघेकडे बघत बसलो.

मग माझ्या लक्षात आलं, की खोलीत मी एकटाच आहे.

एकट्याने सूत मारता येतं. पलीकडे खिळा ठोकायचा, त्याला फास अडकवायचा आणि अलीकडचं टोक आपण धरायचं. तसंच केलं असणार. मी स्टूल पलीकडे नेलं, चढलो आणि खिळ्याचं भोक शोधलं. अस्तर ताजं होतं, त्यावर माशी बसली तरी उमटली असती. भोक नव्हतं. माझी हातोडी पिशवीतून बाहेरच आली नव्हती. भिंत बारा फूट लांब, स्टूल एक, आणि मी त्यावर अलीकडच्या टोकाला उभा होतो. आपण सवयीने "धरलं?" असं विचारलं होतं, तेही आठवलं. उत्तर आल्याचं आठवत नव्हतं. पण सूत मारलं होतं.

झोप झाली नसली की माणूस काय करतो ते त्याला आठवत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. हे मला पटलंही. बिडी संपवून मी निळ्याचा डबा उघडला.

४

दुपारी मालन डबा घेऊन आली. पहिल्या भिंतीला रंगाचा एक हात देऊन झाला होता. ती उंबऱ्यातच थांबली. एका भिंतीने खोली अर्धी झाल्यासारखी दिसत होती. ती पुढे आली, रंगाला बोट लावणार तेवढ्यात मी ओला आहे म्हणालो.

"रेघ चढलीय," ती म्हणाली.

मी बघितलं. पलीकडच्या टोकाला रेघ बोटभर वर होती. मला एवढा चढ दिसायला पाहिजे होता, धंदाच तो माझा. पण मला तो चुकीचा वाटलाच नव्हता, कारण बारा वर्षं मी तसाच बघत आलो होतो. दादा माझ्यापेक्षा उंच. तो त्याचं टोक नेहमी बोटभर वर धरायचा आणि मी नेहमी त्याला खाली घे म्हणायचो. हे मालनला ठाऊक होतं. आमची ही कुरबूर ती जेवताना ऐकायची.

मी उद्या नीट करतो म्हणालो. ती डबा ठेवून गेली. तेव्हाच सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरी भिंत. या वेळी मी हिशेबाने वागलो. पलीकडे खिळा ठोकला, हाताने हलवून पाहिला, त्याला फास अडकवला. अलीकडे येऊन तोंड मिटून सूत मारलं. मग स्टूल उचलून बघायला गेलो. खिळा जागेवर होता, फास खिळ्यात होता. रेघ मात्र खिळ्याच्या बोटभर वरून गेली होती.

सूत ज्याला बांधलं त्याच्या वर ते उमटेल कसं? सूत सैल होतं म्हणावं तर रेघ खाली यायला हवी, वर नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी तांदूळ पाखडत होतं, त्याचा आवाज येत होता. मला भीती वाटायला हवी होती. मी तिची वाट बघितली, पण ती आली नाही. मी खिळा उपटला, भोकात लांबी भरली आणि रेघेपर्यंत रंग दिला.

तिसऱ्या भिंतीला मी खिळा ठोकला नाही. सूत टाकलं, अलीकडचं टोक धरलं आणि हळूच विचारलं, "धरलं?" काही ऐकू आलं नाही. पण जमिनीवर लोळत असलेलं सूत उठलं आणि ताणलं गेलं. मी पलीकडे बघितलं नाही. "खाली घे," म्हणालो. सूत बोटभर खाली आलं. रेघ अगदी सरळ पडली.

चौथी भिंतही तशीच झाली. मला आज त्याची लाज वाटते. तेव्हा एवढंच वाटलं, की काम बरं होतंय आणि दोघांचं काम दोघांनी केलं की लवकर होतं. दादाला मी एकदाही विचारलं नाही, की तू इथे का आलास.

५

लग्नाच्या दिवशी सकाळी चारही भिंतींचे दोन-दोन हात पुरे झाले होते. खोली मी सांगितलं होतं तशीच झाली होती. दार लावलं की खिडकीचा उजेड जमिनीवर पडायचा आणि तिथेच राहायचा. मोरीच्या बाजूचा कोपरा तर गेलाच होता. दोन भिंती कुठे भेटतात ते मलाच कळेना. हात लांब करून चाचपावं असं वाटलं, पण केलं नाही.

एकच काम राहिलं होतं. निळा जिथे संपतो तिथे पांढरी बारीक किनार काढायची, म्हणजे काम उठून दिसतं. त्यासाठी सूत खडूच्या भुकटीत घोळवायचं आणि पुन्हा मारायचं. खाली पटांगणात मांडव घालत होते. कुशाबा कुणालातरी सतरंजीवरून रागावत होते. बारा वाजून गेले होते.

मी मोरीच्या कोपऱ्याकडे सूत टाकलं आणि अलीकडचं टोक डाव्या हाताला गुंडाळलं. विचारण्यासाठी तोंड उघडलं, तर पलीकडून आधी विचारणा आली.

"धरलं?"

आवाज मोठा नव्हता. वरून, चार मजल्यांवरून यावा तसा होता. बारा वर्षांची सवय होती, तोंडातून निघून गेलं.

"धरलं."

आणि भार आला.

मी स्टुलावरून खाली ओढला गेलो, गुडघ्यावर आपटलो. सूत तुटायला हवं होतं. सुताच्या दोरीला माणसाचा भार झेपत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. ते तुटलं नाही. माझ्या हातापासून ते सरळ कोपऱ्यात गेलं होतं आणि कोपऱ्यातून खाली वळलं होतं, जिथे माझ्या घराची जमीन आहे तिथून खाली. पलीकडे कुणीतरी सावकाश हेलकावत होतं, आणि ज्या तळव्याला दीड वर्ष काही कळलं नव्हतं तो आता दुखत होता. मी दुसरा हात लावला आणि पाय भिंतीला टेकवून बसलो.

सोडलं तर काय होईल हे मला माहीत होतं. एकदा झालेलंच होतं.

६

मालन दीडच्या सुमारास आली. तिच्या हातात लग्नाचं कोरं पांढरं नऊवारी होतं, घडीही मोडलेली नव्हती. ती इथेच नेसणार होती. तिने आत येऊन दाराला कडी घातली, माझ्याकडे बघितलं, मग सुतावरून नजर नेत नेत कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे तिची नजर बराच वेळ थांबली.

मी सांगून टाकलं. ठरवलेले शब्द आठवले नाहीत. मोर्चा, घोषणा, धरलं म्हणालो ते आणि वर केलेला हात, असं जसं आलं तसं सांगितलं. गोळीबार तेव्हा झालाच नव्हता हेही सांगितलं. ती ओरडेल, मला मारेल असं वाटलं होतं. तिने दुसरंच विचारलं.

"कोणता हात?"

"उजवा."

ती माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिली. म्हणाली, तुमचे दादा दचकणाऱ्यातले नव्हते आणि तुम्हीपण नाही, दचकून दोर सुटला नसणार असं मला वाटायचंच. मग ती माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि माझ्या हातांच्या मागे सूत धरलं. तिच्या खांद्याला बसलेला हिसका मला जाणवला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज बदलला नाही.

"म्हंजे उतरायचेच राहिलेत," ती म्हणाली. "दीड वर्सं. सोडा सावकास. मी हाय."

आम्ही सूत सोडायला लागलो, हात हात करून, जसं मी त्या दिवशी सोडायला हवं होतं तसं. मागची सुताची गुंडाळी सुटत गेली. सूत पंचवीस फुटांचं होतं. ठाकुरद्वारचं घर मला पाठ आहे, झुल्यापासून फुटपाथपर्यंत पंचेचाळीस फूट. मी तिला तसं सांगितलं. गुंडाळीचे शेवटचे दोन वेढे उरले तेव्हा तिने मला घट्ट धरायला लावलं, पातळाची घडी मोडली आणि त्याचा पदर सुताच्या टोकाला बांधला. तीन गाठी मारल्या. लग्नाचं आहे असं मी म्हणालो. तिने ऐकलं की नाही माहीत नाही.

पांढरं कापड कोपऱ्यात शिरलं आणि तेव्हा मला दिसलं. सूत बारीक, म्हणून ते किती खोल जातं ते इतका वेळ कळलं नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत ते पांढरं खाली जात होतं, निळ्यातून, आणि जाता जाता बारीक होत होतं. पंच्याएवढं, मग फितीएवढं, मग दोऱ्याएवढं. त्याच्या शेवटाला काहीतरी होतं. त्याने मान वर केली असं मला वाटलं. मी डोळे मिटले.

कापड संपत आलं तेव्हा भार गेला. एकदम नाही, माणूस आधी एक पाय टेकवतो आणि मग दुसरा, तसा.

"टेकले," मालन म्हणाली.

मी रडत होतो. रडू येतंय याचं मला नवल वाटत होतं. दीड वर्षांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. पातळाचं शेवटचं टोक माझ्या हातात होतं, सैल, आणि मालन माझ्या शेजारी होती. आता काय ते होऊ दे, ती नाही म्हणाली तरी चालेल, असं मला मनापासून वाटलं.

७

ती उठली. चेहरा पदराने पुसला, केस नीट केले. पाहुणे यायच्या वेळी करते तसंच. मग कोपऱ्याजवळ गेली आणि वाकून खाली बघितलं. तिच्या तोंडावर काय होतं ते मला दिसलं नाही. ती हसली, एवढं ऐकू आलं. ते हसू मी ओळखतो, दादा घरी आला की ती तशी हसायची.

मी तिला मागे ये म्हणालो. आधी वहिनी म्हणालो, मग पहिल्यांदाच मालन म्हणालो. तिने वळून बघितलं. रागाने नाही. एखाद्या कामाच्या माणसाकडे बघतात तसं.

"दीड वर्सं एकले होते," ती म्हणाली. "बघून येते."

तिने दोन्ही हातांनी पातळ धरलं. एक पाय उचलून निळ्यात टाकला आणि तो पाय मला दिसेनासा झाला. मग थांबली, नियमाप्रमाणे.

"धरलं?"

मी उत्तर देणार नव्हतो. उत्तर आल्याशिवाय काही हलवायचं नाही. पण ती वाट बघत एका पायावर उभी होती, दुसरा पाय कुठे होता मला ठाऊक नव्हतं आणि तिचा तोल जायला लागला होता. मी कापड दोन्ही मनगटांना गुंडाळलं आणि धरलं म्हणालो.

ती दादाएवढी जड नव्हती.

आता खाली मांडवात माणसं जमली असावीत. मुलं धावताना ऐकू येतात. तिचा भार अजून माझ्या हातांत आहे. मी तिला एक वीतसुद्धा सोडलेलं नाही, सोडायला कापड उरलेलंच नाही, आणि वर ओढायला लागलो की खालूनही कुणीतरी धरल्यासारखं वाटतं. थोड्या वेळापूर्वी कुशाबांनी दार वाजवलं. चार वाजले म्हणाले. मग आत्याने हाक मारली, मालन, नेसून झालं का ग? मग दोघांनी मिळून दार ढकललं. पण कडी आतून आहे आणि ती काढायला एक हात लागतो.